पुणे ते सँटियागो: अठरा तास की चौतीस?

मीना_कर्वेनगर
मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा आहे, पण त्यावरून घरात दोन दिवस अबोला चाललाय म्हणून इथे आणला.

लेक खगोलशास्त्रात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करते. आपल्या पुण्यात आयुका असताना तारे बघायला चिलीला कशाला जायचं, हे तिला विचारून विचारून मी थकले. असो. दीड वर्ष झालं ती सँटियागोत आहे आणि जानेवारीत आम्ही दोघांनी यावं असं तिचं टुमणं आहे.

ह्यांनी (वय ६८, बँकेतून निवृत्त, हिशेबाला चोख) एका अंतर मोजणाऱ्या साइटवर पुणे आणि सँटियागो टाकलं. उत्तर आलं: अंतर १६,१४६ किमी, विमानाला लागणारा वेळ १८ तास २६ मिनिटं. ह्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. लेक म्हणते, बाबा, किमान ३४ तास धरा. तिकीट एजंटही तसंच म्हणतो. आता ह्यांचं ठाम मत झालंय की एजंट गंडवतोय, मुद्दाम दोन-दोन ठिकाणी थांबवून नेतोय आणि थेट विमान लपवून ठेवतोय.

तर खरं कोणाचं? आणि माझे गुडघे लक्षात घेता कुठून जावं?


पेठकरी
१८ तास २६ मिनिटं. हा २६ चा आत्मविश्वास मला फार आवडला.


वैशाली_वाकड
ताई, आधी हे सांगा, मुंबईपर्यंतचा वेळ धरलाय का कोणी? नसेल तर नंतर सविस्तर लिहिते. ऑफिसात आहे.


भूगोलमास्तर
मंगळवार, रात्री ११.०५

मीनाताई, साइट खोटं बोलत नाहीये आणि लेकही नाही. दोघांना विचारलेला प्रश्न वेगळा आहे, एवढंच.

काकांना कागद घ्यायला सांगा. १६,१४६ ला ९०० ने भागा. १७ तास ५६ मिनिटं येतात. त्यात चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. १८ तास २६ मिनिटं! साइटने इतकंच केलंय. मोठं जेट विमान वर गेल्यावर ताशी नऊशेच्या आसपास उडतं, म्हणून तो आकडा. कुठल्या कंपनीचं वेळापत्रक त्यात पाहिलेलं नाही. पुणे आणि मंगळ टाकता आलं असतं तर त्याचंही उत्तर मिनिटांसकट मिळालं असतं.

अंतर मात्र बरोबर आहे. ते गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर. घरी पृथ्वीगोल आहे का? नसेल तर अप्पा बळवंत चौकात मिळेल. ३० सेंटिमीटर व्यासाचा घ्या, लहान मुलांचा नको. दोरीचं एक टोक पुण्यावर अंगठ्याने दाबा, दुसरं सँटियागोवर, आणि दोरी ताणा. ३८ सेंमी भरली पाहिजे. त्या गोलावर एक सेंटिमीटर म्हणजे साधारण ४२५ किमी.

आता गंमत बघा दोरी कुठून जाते ती. आपण समजतो युरोपावरून. छे! अरबी समुद्र, सोमालियाच्या किनाऱ्याबाहेर विषुववृत्त, मग टांझानिया, झांबिया, नामिबिया, तिथून पुढे सुमारे ७,००० किमी नुसता दक्षिण अटलांटिक. ब्युनोस आयर्सच्या जरा दक्षिणेकडून अर्जेंटिनात शिरते आणि अँडीज ओलांडली की सँटियागो. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे जमणार नाही, कारण तो नकाशा म्हणजे सोललेल्या संत्र्याची साल जबरदस्तीने सपाट केलेली. ३१ वर्षं आठवीला हा प्रयोग करून घेतला. दर वर्षी निम्मा वर्ग दोरी सैल सोडायचा.


मीना_कर्वेनगर
बुधवार, सकाळी ७.१५

मास्तर, गोल माळ्यावर होता, लेकीच्या शाळेतला. सोव्हिएत युनियन असलेला. ह्यांनी पहाटेच काढून पुसला. माझ्या स्वेटरची लोकर घेतली, ती ताणते म्हणून टाकून दिली, मग पार्सलची सुतळी घेतली. ३७.५ भरलं. अर्धा सेंटिमीटर कुठे गेला असं विचारताहेत.

आणि आता नवीन सूर लागलाय, की रस्ता आफ्रिकेवरून आहे तर आफ्रिकेवरून जाणारं थेट विमान घ्या.


भूगोलमास्तर
तुमचा गोल ३० चा नसून २९.६ सेंमीचा असणार. घेर मोजा आणि कळवा.


उडता_बगळा
बुधवार, दुपारी २.२०

मी विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचला होतो, आता निवृत्त. कोणतं विमान किती इंधन घेऊन कुठल्या वाटेने जाणार, हे उड्डाणाआधी ठरवणारं ते खातं. काकांच्या थेट विमानाबद्दल लिहितो.

आज घडीला जगातलं सगळ्यात लांब नियमित थेट उड्डाण सिंगापूर ते न्यूयॉर्क आहे. अंतर साधारण १५,३०० किमी, वेळ साडेअठरा-एकोणीस तास. त्यासाठी एअरबस ३५० चा खास लांब पल्ल्याचा प्रकार वापरतात आणि त्यात १६१ च खुर्च्या आहेत. इकॉनॉमी क्लासच नाही! वजन वाचवायचं म्हणून. पुणे-सँटियागो त्याहून आठशे किलोमीटर जास्त. शिवाय असं विमान रोज भरायला इतकी माणसं आणायची कुठून? सगळ्या पुण्याच्या लेकी चिलीत पोस्टडॉक करत नाहीत.

त्यात आपलं लोहगाव. विमानतळ मुळात हवाई दलाचा, धावपट्टी अडीच किलोमीटरच्या जेमतेम वर. इंधनाने गच्च भरलेलं अवजड विमान उचलायला ती तोकडी पडते. जुन्या लोकांना आठवत असेल, २००८ मध्ये लुफ्तान्साने पुणे-फ्रँकफर्ट सुरू केलं होतं ते छोट्या विमानाने, सगळ्या खुर्च्या बिझनेस क्लासच्या. नवीन टर्मिनल २०२४ मध्ये चालू झालं, झकास आहे, पण टर्मिनल झकास झालं म्हणून धावपट्टी लांबत नाही.

आणखी एक. अंतर कायम असतं, वेळ नाही. मुंबईहून लंडनला जाताना वारा समोरून येतो, येताना पाठीमागून, त्यात तासाभराचा फरक पडतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या उड्डाणांचे वेळ वाढले. दिल्ली जागची हलली नव्हती.

एजंट बिचारा निर्दोष आहे.


पेठकरी
निर्दोष एजंट हे वाक्य पुण्यात पहिल्यांदाच वाचलं.


मिरपूड
बुधवार, रात्री १०.३०

कामासाठी साओ पाउलोला दोनदा आणि तिथून एकदा सँटियागोला जाणं झालंय, म्हणून माझी भर. मुंबई-सँटियागो सरळ अंतर १६,०८० किमीच्या आसपास. ते डोक्यात ठेवून वाटा बघा.

दोहा आणि साओ पाउलो करून गेलात तर २,३०० अधिक ११,८५० अधिक २,६००, म्हणजे १६,७५० च्या घरात. सरळ रेषेपेक्षा जेमतेम सातशे किमी जास्त! दोन ठिकाणी उतरूनही. काकांना हे आवर्जून सांगा, कारण थांबा म्हणजे वळसा असं नसतं. थांबा वाटेवर असला की झालं. अदिस अबाबावरून तर अजून कमी, १६,४०० च्या आत, कारण ते दोह्यापेक्षा मास्तरांच्या सुतळीच्या जवळ आहे.

पॅरिसवरून एकच थांबा पडतो, पण ७,००० आणि ११,६५०. झाले साडेअठरा हजारांवर. आधी वायव्येला जायचं आणि मग तेवढंच खाली यायचं. तरी गुडघ्यांसाठी एक थांबा कमी, हेही खरं. पॅरिस-सँटियागो टप्पा साडेचौदा तासांचा आहे.

आता जे साइटवर दिसत नाही ते. दोहा-साओ पाउलो जवळजवळ पंधरा तास. पहिले चार तास छान जातात. जेवण, सिनेमा, झोप. जाग येते तेव्हा वाटतं आलं असेल, आणि पडद्यावर विमान आफ्रिकेच्या मध्यावर. नंतर समुद्र सुरू होतो आणि पडद्यावर निळ्याशिवाय काही नाही. माझ्या शेजारी एक आजी होत्या, कुठल्या देशाच्या कळलं नाही, भाषा जुळेना. त्या दर दीड तासाने उठून मागच्या पॅन्ट्रीपाशी जायच्या, तिथला दांडा धरून टाचा वर-खाली करायच्या वीस वेळा, पाणी प्यायच्या, परत. तिसऱ्या खेपेला मलाही हाताने खुणावलं, चल. उतरताना त्या ताडताड चालत गेल्या आणि माझे पाय बुटात मावेनात. ताई, आइलची सीट घ्या आणि त्या आजींचं ऐका.


झंप्या
मी सांगू? सिडनीवरून जा. सिडनी-सँटियागो थेट विमान आहे. दुपारी निघायचं आणि त्याच दिवशी सकाळी पोहोचायचं. काकांच्या वहीत वेळ उणे येईल!


उडता_बगळा
झंप्या, खरं आहे, वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा लागते म्हणून. पण मुंबई-सिडनी १०,१६० आणि सिडनी-सँटियागो ११,३४०. बेरीज २१,५००. पृथ्वीच्या अर्ध्या घेराहून जास्त. जगात कुठल्याही दोन ठिकाणांमधलं सरळ अंतर २०,००० च्या आसपास संपतं. एवढा उलटा वळसा कोणी घालत नाही, तारीख वाचवायला तर नाहीच.


भूगोलमास्तर
विषय निघालाच आहे म्हणून थोडं अवांतर. पुण्याच्या पायाखाली थेट भोक पाडलं तर बाहेर कुठे निघाल? अमेरिका म्हणणाऱ्याला वर्गाबाहेर. दक्षिण पॅसिफिकमध्ये, भर समुद्रात. आणि तिथून सगळ्यात जवळ विमानतळ असलेली जमीन म्हणजे ईस्टर बेट, साधारण हजार किलोमीटरवर. म्हणजे पुण्यापासून सगळ्यात लांबचा विमानतळ तो, सुमारे १९,००० किमी. पूर्वेकडून जा की पश्चिमेकडून, फार तर दोन हजारांचा फरक. धावपट्टी मात्र लोहगावपेक्षा लांब आहे, कारण १९८० च्या दशकात नासाने स्पेस शटलला अडीअडचणीला उतरता यावं म्हणून ती वाढवून घेतली.

आणि ते बेट चिलीचं आहे. विमान सँटियागोहूनच जातं, पाच तासांच्या वर. काकांना सांगा, इतके जाताच आहात तर उरलेलंही उरकून घ्या.


मीना_कर्वेनगर
मास्तर, तुम्ही हे लिहायला नको होतं. ह्यांनी वहीत नवीन पान उघडलंय.


वैशाली_वाकड
गुरुवार, दुपारी १.४५

हं, आता लिहिते. तुम्ही सगळे टांझानिया-झांबिया करताय, पण खरा प्रवास खालापूरला होतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही फ्रँकफर्टला जायला निघालो. शनिवार होता, तिथेच चुकलं. पहाटे दोनचं विमान म्हणून संध्याकाळी पाचला वाकड सोडलं, म्हटलं निवांत जेवू टर्मिनलवर. लोणावळा सुटलं आणि घाटात गाड्या थिजल्या. जिथे पूर्वी अमृतांजन पूल होता त्या वळणाशी दोन तास दहा मिनिटं. इंजिन बंद. लोक उतरून फोटो काढायला लागले, एका गाडीतल्यांनी डबा उघडला आणि आम्हालाही थेपले दिले. ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, मॅडम, पुढे कंटेनर पलटी झालाय, क्रेन यायचीये. माझा नवरा मोबाइलवर विमानाची वेळ आणि नकाशावरची लाल रेघ आलटून पालटून बघत होता. काउंटर बंद व्हायला अकरा मिनिटं असताना पोहोचलो. एक्सप्रेस वे पंचाण्णव किलोमीटरचाच आहे हो. तेवढ्या वेळात मुंबईचं विमान दोहाला पोहोचून परत निघालं असतं.

म्हणून: शनिवार-रविवार टाळा, विमानतळावर पोहोचायच्या वेळेच्या सहा तास आधी कर्वेनगरहून निघण्याची लाज वाटू देऊ नका, आणि औषधं, चष्मा, एक जोड कपडे हातातल्या पिशवीत.


उडता_बगळा
अनुमोदन. आणि सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. पुण्याहून स्वस्तात दुबई आणि पुढचं वेगळं काढू, असले उद्योग नकोत. एका तिकिटावर असाल तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढची सोय कंपनी करते आणि बॅगा सहसा थेट सँटियागोला जातात. वेगळ्या तिकिटांवर तुम्ही दोन अनोळखी प्रवासी असता. वाटेतल्या देशांचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते तिकीट काढायच्या आधीच विमान कंपनीकडून लेखी विचारून घ्या. आणि व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागा. संकोच करू नका, साओ पाउलोत भरपूर चालावं लागतं.


अनुस्वार
खाऊचं कोणी बोललं नाही म्हणून. चिलीत कृषी खात्याची तपासणी फार कडक असते. ताजी फळं, भाज्या, बिया, मध अजिबात नेऊ नका. कढीपत्त्याची डहाळीसुद्धा नको, लेक कितीही रडली तरी. बाकी खाण्याचे पदार्थ असतील तर उतरण्याआधीच्या फॉर्मवर हो म्हणून लिहा. लिहिलं तर बॅग बघतात आणि सोडतात किंवा काढून घेतात. न लिहिता सापडलं तर दंड. भाजणी आणि मेतकूट असेल तर बाजारातलं सीलबंद पाकीट न्या, घरच्या डब्यातली पिवळी पूड समजावून सांगायला तुम्हाला स्पॅनिश येत नाही.


पेठकरी
मेतकुटाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?


अनुस्वार
मराठीत तरी कुठे समजावता येतं.


मीना_कर्वेनगर
शुक्रवार, रात्री ८.५०

सगळ्यांचे आभार. दोहा-साओ पाउलोचं तिकीट काढलं, एकाच तिकिटावर, आइल, व्हीलचेअर, सोमवारी निघायचं. एजंटशी ह्यांनी स्वतः फोनवर बोलून दिलगिरी व्यक्त केली, पण शेवटी विचारलंच की अदिसवरून साडेतीनशे किलोमीटर कमी पडतं तर तेवढे पैसे कमी होतील का.


मीना_कर्वेनगर
जानेवारी, सँटियागोहून

धागा वर काढतेय. पोहोचलो. ह्यांच्या वहीतलं पान तसंच उतरवते, कारण मी नाही उतरवलं तर स्वतः लॉगिन काढायच्या गोष्टी चालल्यात.

कर्वेनगर सोडलं सोमवारी संध्याकाळी ६.३०. मुंबई विमानतळ ११.१०, म्हणजे ४ तास ४० मिनिटं (खोपोलीला वडापाव धरून). विमानतळावर बसणं ४ तास ५५. मुंबई-दोहा ३ तास ४०. दोह्यात २ तास ५५. दोहा-साओ पाउलो १४ तास ५०. तिथे ४ तास ३०. साओ पाउलो-सँटियागो ४ तास १०. पासपोर्ट, बॅगा, कृषी खातं आणि लेकीचं घर मिळून १ तास ५०. घराची बेल वाजवली तेव्हा इथे बुधवारची पहाटे साडेतीन, पुण्यात दुपारचे बारा.

एकूण ४१ तास ३० मिनिटं. त्यातलं हवेत २२ तास ४०. मुंबईहून उडाल्यापासून इथे उतरेपर्यंत ३० तास ५. साइट १८ तास २६ म्हणत होती, लेक ३४ म्हणत होती. ह्यांचा निष्कर्ष असा की दोघंही चुकले आणि त्यामुळे ते स्वतः बरोबर होते.

मिरपूड, त्या आजींचं ऐकलं. दर दीड तासाने टाचा. दुसऱ्या खेपेला हे आले, चौथ्या खेपेला पॅन्ट्रीपाशी आम्ही सहा जण होतो. गुडघा सुजला नाही.

अनुस्वार, मेतकुटाचं पाकीट उघडलं नाही, नुसतं उलटसुलट करून परत दिलं. मी तिळाची चिक्की लिहिली नव्हती असं आठवलं आणि रांगेतच परत जाऊन फॉर्मवर लिहून आले. त्यांनी हसून ठेवून घेतली.

लेकीच्या टेबलावर पृथ्वीगोल आहे. ह्यांनी चहाआधी दोरी मागितली. घरात दोरी नाही, म्हणून दात साफ करायचा दोरा घेतला. सँटियागोहून पुणे ४० सेंमी येतंय.


भूगोलमास्तर
तो दोरा मेणाचा असतो, घसरतो. घेर मोजून कळवा.